एकतिसावी शेळी

माझ्या बहिणीला एका सिनेमावाल्यानं फसवलं. बहिणीचं नाव गयाबाई. सिनेमावाल्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याच्या सिनेमात ते दोनदा येतं, सुरुवातीला आणि शेवटी, तेवढं त्याला पुष्कळ झालं. गयाबाईचं एकदाही येत नाही. फसवलं ते एवढंच. ज्यांना ही फसवणूक लहान वाटते त्यांनी पुढं वाचू नये आणि माझं डोकं तापवू नये.

हे सगळं मला दरवर्षी सीताफळांबरोबर आठवतं. दसरा जवळ आला की बीडच्या बसस्थानकाबाहेर डोंगरातल्या बाया पाट्या घेऊन बसतात. परवा मीही गेलो. एकीनं भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "बाबा, घरी खानारी मानसं किती?" मी ती म्हणेल तो भाव देऊन पाटी उचलली. सगळा जन्म घासाघीस करण्यात गेला, पण असं एका प्रश्नात मला कुणी गार केलं नव्हतं.

एका माणसाला पाटीभर सीताफळं संपत नाहीत. सकाळी दगडासारखी असतात, दुसऱ्या दिवशी हात लावला की बोट आत जातं. मग सगळं घर त्या गोड वासानं भरतं, आणि वास घ्यायला घरात मी एकटा. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी हैदराबादला असते, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते. मी जेवलो म्हणतो. खाली दुकानाचं शटर बंद, वर मी, आणि समोर मुलीनं ठेवून गेलेला तिचा जुना संगणक.

आमच्या डोंगरात सीताफळाची झाडं एवढी कशी, याचं उत्तर मला आक्कानं, म्हणजे गयाबाईनं, लहानपणीच दिलं होतं. शेळी जगातला सगळा पाला खाते, पण सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही. बाकीचं सगळं शेळ्यांनी संपवलं, ही झाडं राहिली. "कडू आसलं की टिकतंय, नाम्या," ती म्हणायची.

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. नवऱ्यानं टाकली तेव्हा कपिलधारच्या अलीकडं आमची वस्ती होती तिथं परत आली आणि शेळ्या घेऊन डोंगराला लागली. मूलबाळ नाही. तीस शेळ्या आणि तीस नावं. बांडी, मैना, कानडी. एक उगाच सगळ्यांना ढुसण्या द्यायची, ती सासू. एक नाक वर करून चालायची, दोनदा बोलावल्याशिवाय यायची नाही, ती तलाठीण. पावसाळा सरताना कपिलधारच्या धबधब्याचा आवाज वस्तीवर ऐकू यायचा आणि त्याच्या वर आक्काची हाक. मी तेव्हा तिच्या मागं हिंडायचो. नंतर मला शेळ्यांपेक्षा शेळ्यांचा बाजार आवडायला लागला.

बाजारात मी दलाल झालो. आमच्याकडं जनावरांचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. किती बोटं, कुठलं पेर, कितीदा दाबलं, त्यावर आकडा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. चेहऱ्यावर माशीसुद्धा हलू द्यायची नाही. त्या रुमालाखाली मला भल्याभल्यांनी हात जोडलेत. त्याच जोरावर बीडला आलो, गाळा घेतला, व्हिडिओ लायब्ररी टाकली.

तो काळच नव्या मालाचा होता. बसस्थानकावर नव्या रंगाच्या थंड बाटल्या आल्या, चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, लोक हप्त्यानं रंगीत टीव्ही आणायला लागले. टीव्ही आला की माणूस माझ्याकडं यायचा. दुपारी घरकाम आटोपून आसपासच्या बायका यायच्या, आणि पिक्चर कुठलाही असो, त्यांचा प्रश्न एकच. "भाऊ, हे खरं घडल्यालं हाय का?"

खरं घडलेलं असलं की त्या नेणार, रडणार, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला पाठवणार. मी लाल कागदाच्या टिकल्या कापून घेतल्या. खऱ्या घटनेवरच्या पिक्चरला डब्यावर लाल टिकली. सुरुवातीला प्रामाणिकपणे लावत होतो. मग जी कॅसेट धूळ खायची तिलाही लावायला लागलो. एकदा तर नागिणीच्या पिक्चरला लावली. ती नेणारी बाई परत येऊन म्हणाली, "भाऊ, नागीनबी खरी व्हय?" मी म्हणालो, "ताई, गावाचं नाव बदललंय, बाकी सगळं खरं." ती मान हलवत गेली.

असा मी. म्हणून मला कुणी फसवलं की माझा संताप दुप्पट होतो. ही कला मला येते, मग मला कळली कशी नाही?

तो सिनेमावाला आला तो सीताफळांच्याच दिवसांत. डोंगरातला सिनेमा काढायचा होता, शेळ्या भाड्यानं हव्या होत्या, कुणीतरी माझ्याकडं पाठवलं. बारीक चष्मा, खादीचा झब्बा, बोलणं मऊ. लाल टिकल्या बघून म्हणाला, "नामदेवराव, इथली, या मातीतली अशी एखादी खरी गोष्ट आहे का हो?"

माझी छाती फुगली. मी चहा मागवला आणि आक्काची गोष्ट सांगितली.

त्याच्या दोन वर्षं आधी आक्का एका लग्नाला गेली असताना भरदिवसा कुणीतरी टेम्पो लावून तिच्या सगळ्या शेळ्या पळवल्या होत्या. तीन आठवडे ती बाजारामागून बाजार हिंडली. शेवटी कडा गावच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडं त्या सापडल्या. अंगावरच्या रंगाच्या खुणा पुसून दुसऱ्या रंगाच्या केलेल्या. व्यापारी म्हणाला, मी रोख मोजून घेतल्यात. पोलिसांनी त्याच्याजवळच्या एकतीसच्या एकतीस शेळ्या मुद्देमाल म्हणून बीडला आणल्या. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुमच्या शेळ्या ओळखायच्या कशा? खूण काय?"

आक्का म्हणाली, "साहेब, मला कावून इचारता? त्येंनाच इचारा की."

व्यापाऱ्याचा वकील हसला. न्यायाधीश हसले नाहीत. ते उठून बाहेर आवारात आले. शेळ्या भिंतीकडेला, आक्का लांब लिंबाच्या झाडाखाली. तिनं पदर खोचला आणि हाका मारायला लागली. "बांडे, ये. मैने, ये गं. सासू, ये." एकेक शेळी नाव ऐकून कळपातून सुटायची आणि पळत येऊन तिच्या लुगड्याला तोंड लावायची. मधेच म्हणाली, "तलाठीन, चल बाय, लई नखरे झाले," तेव्हा पट्टेवाल्यापासून वकिलांपर्यंत सगळे हसले. तीस शेळ्या आल्या. एक भिंतीपाशीच राहिली, सुतळी चघळत.

"ही हो बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ती माझी न्हाई, साहेब. आसंल कुना गरिबाची. तिचा बी धनी हुडका."

मी तिथंच होतो. रागानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर आल्यावर म्हणालो, "आक्का, एकतीस म्हनायचं की! कोन मोजत होतं?"

ती म्हणाली, "तिचं नाव मला म्हाईत न्हाई, नाम्या. माझी कशी म्हनू?"

ही गोष्ट मी त्या माणसाला फुकट दिली. वर चहाही पाजला. तो वहीत लिहीत होता, अधूनमधून "अद्भुत" म्हणत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला मोटारसायकलवर वस्तीवर नेलं. आक्कानं भाकरी थापली, ठेचा दिला, शेवटी राखेत पिकवलेली दोन सीताफळं दिली. हात धुताना तो म्हणाला, "आक्का, हा सिनेमा तुमचाच." मी गाडीला किक मारताना आक्का जवळ येऊन हळूच म्हणाली, "नाम्या, त्यात माझं नाव आसंल का रं?"

"असणारच," मी म्हणालो.

संध्याकाळी त्याच्या मॅनेजरशी सौदा झाला. मी त्याच्या हातावर रुमाल टाकला तर त्याला वाटलं मी शेकहँड करतोय. म्हणाला, "हा काय प्रकार?" मी म्हणालो, "हा करार हाय. बोटं दाबा." त्याला जमेना, मीच शिकवलं. शिकवता शिकवता त्याला पिळून घेतलं. शेळ्यांचं रोजचं भाडं, चारा वेगळा, वाहतूक वेगळी, शेळी दगावली तर तिची भरपाई. सगळं माझ्या मनासारखं झालं. त्या दिवशी गावात माझ्याएवढा हुशार मीच. रुमालाखाली आकडा सांगता येतो. नाव सांगायला तिथं बोट नसतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शूटिंग एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात झालं. कापसाचे जुने पुंजके अजून पत्र्यांना चिकटलेले होते. त्यांनी तिथं खोटं कोर्ट उभं केलं, लिंबाची फांदी तोडून रोवली. मी त्यांना आधीच सांगितलं होतं की एक शेळी येत नाही. म्हणून मी एकतिसावी परकी शेळी मुद्दाम आणली होती. सिनेमावाले साहेब म्हणाले, "नको, सगळ्याच येऊ देत. एक आली नाही तर लोकांना वाटेल बाईच चुकली."

"साहेब, तीच तर गोष्ट हाय."

"नामदेवराव, शेळ्या तुमच्या. गोष्ट आमच्यावर सोडा."

मी सोडली. भाडं चालू होतं ना.

पण एकतीस राहू द्या, आक्काचं काम करणारीच्या हाकेवर एकही येईना. मुंबईची नटी, कडक इस्त्रीचं लुगडं, मांजराला बोलवावं तसं "ये, ये" करायची. शेळ्या उभ्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. आक्का कडेला बसून बघत होती. मला म्हणाली, "बाई गोड हाय रं. पन तिच्या अंगाला शेळीचा वास न्हाई, कशा येतील?"

तिसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा साहेबांनी आक्काला कॅमेऱ्याच्या बाजूला एका लोखंडी पिंपावर उभं केलं. "तुम्ही हाका मारा. आवाज आम्ही नंतर बदलू." आक्कानं पदर खोचला. "बांडे, ये." आणि सगळा कळप धूळ उडवत आला. एका माणसानं माझी परकी शेळी दोरीनं ओढत त्यात घातली. नटी मधोमध उभी, हात पसरलेले, शेळ्या तिच्याभोवती. साहेब "ओके" म्हणून ओरडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्कासुद्धा वाजवत होती, पिंपावर उभी राहून.

बीडच्या टॉकीजला तो सिनेमा एक आठवडा चालला. आक्का टॉकीजला आली नाही, गर्दीत तिचा जीव घाबरायचा. कॅसेट आली तेव्हा मी तिला दुकानात बोलावलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. मी तिला खुर्ची दिली आणि रंगीत टीव्ही लावला. पहिली पाटी आली: यातील सर्व पात्रे आणि प्रसंग काल्पनिक आहेत. मी मनातल्या मनात वाचलं. नावं आली. नटी, नट, गाणारे, मेकअपवाले. मग आभार. हॉटेल, पेट्रोलपंप, बीडची जनता. आणि एका ओळीत, शेळ्या पुरवणारे: नामदेवराव, बीड.

खोटं कशाला बोलू, माझं नाव बघून मला क्षणभर आनंद झाला. मी बटण दाबून चित्र थांबवलं.

आक्काला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "आलं का रं माझं नाव?"

"आलं की."

"कुठं?"

मी बोट ठेवलं. पडद्यावर जे थांबलं होतं त्यावर, म्हणजे माझ्याच नावावर. "हे काय."

ती उठली, पदर सावरला, आणि टीव्हीच्या काचेवर त्या ओळीवर तळहात ठेवला. काच चुरचुरली. "गयाबाई," ती स्वतःशीच म्हणाली. तसल्या आवाजात तिनं शेळ्यांनाही कधी हाक मारली नसेल.

नागिणीच्या पिक्चरवर लावली तशीच एक लाल टिकली मी त्या दुपारी माझ्या बहिणीच्या मनावर लावली. ती टिकली तिच्याबरोबर गेली. आक्का वारल्यावर शेळ्या मीच विकल्या. सगळ्या नव्या पिढीच्या, पण नावं तीच चालत आलेली. सौदा झाल्यावर मी घेणाऱ्याला नावं सांगायला लागलो तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेठ, नावं तुमच्याकडंच ठिवा." ती माझ्याकडंच आहेत.

आता हा संगणक. इंटरनेटवर सिनेमांची एक मोठी नोंदवही आहे, कुठूनही कुणीही तिच्यात भर घालू शकतं. प्रत्येक सिनेमाला टॅग लावतात, म्हणजे माझ्या टिकल्याच. लायब्ररीचं रजिस्टर आणि कॅसेटचे डबे माझ्याजवळ अजून आहेत, म्हणून मी जुन्या मराठी सिनेमांच्या नोंदी घालू लागलो. तिथं बघतो तर गोंधळ. कुठं 'सत्य घटना', कुठं 'सत्यकथा', कुठं 'खऱ्या घटनेवरून', कुठं नुसतं 'प्रेरित'. एकाच गोष्टीला चार टिकल्या, आणि ज्याला वाटेल तो वाटेल तिथं लावतोय. मला चीड आली. ही लबाडी कशी करतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी भांडलो. नोंदवहीचा मराठी भाग नागपूरची केतकी नावाची मुलगी सांभाळते, तिला रोज लिहून भंडावलं. शेवटी माझ्या म्हणण्याप्रमाणं नियम झाला. टॅग एकच, 'सत्य घटनेवर आधारित'. तो कधी लावायचा? सिनेमा स्वतः पडद्यावर तसं म्हणत असेल तर, किंवा तो काढणाऱ्यानं कुठं तसं जाहीर सांगितलं असेल तर. मनाला वाटतं, ऐकून आहे, गावात सगळे म्हणतात, हे चालणार नाही. माझ्या हातानं मी कितीतरी सिनेमांच्या टिकल्या काढल्या. नागिणीच्यासुद्धा. कुणीतरी तिथंही लावली होती!

आणि मागच्या महिन्यात कुणीतरी तो सिनेमा नोंदवला. आक्काचा. टॅगच्या जागी लिहिलं होतं, ग्रामीण, काल्पनिक.

मी तिथल्या तिथं टॅग बदलला. तासाभरात केतकीनं काढला. मी आक्काची सगळी हकिकत लिहून परत लावला. तिनं लिहिलं, "काका, पडद्यावर तर काल्पनिक म्हटलंय. एका सिनेमाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. नियम तुमचाच आहे." मी तिला नको ते लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. पोर खरं बोलत होती. मग तिचाच निरोप आला, "दिग्दर्शकांचं एक वाक्य कुठं छापून आलेलं मिळालं तर मी स्वतः लावेन. आक्कांच्या नावासकट."

मी शोधलं. मिळालं. त्या माणसाची नवी मुलाखत आहे. त्या सिनेमाबद्दल तो म्हणतो, बीडच्या रस्त्यावर गाडी थांबवून सीताफळ खाताना ही गोष्ट मला सुचली.

सुचली! सीताफळ आक्काचं, राखेत तिनं पिकवलेलं, आणि गोष्ट याला सुचली.

मी पत्र टाकलं. उत्तर नाही. फोन केला तर कुणीतरी उचलून म्हणतं, सर कामात आहेत. दर सोमवारी फोन करतो, दर सोमवारी सर कामात असतात. फोन ठेवला की घरात सीताफळांचा वास असतो आणि संगणकाचा पंखा फिरत असतो. आज तर पाटीतली निम्मी फळं काळी पडली.

तर सिनेमावाले साहेब, इथं लिहितो. आयुष्यात पहिल्यांदा मी रुमाल न टाकता, चारचौघांत सौदा मांडतोय. पैसे नकोत. माफी नको. एक वाक्य हवं. आक्काला मी खोटं सांगितलं, त्याचा जाब मी तिच्यापुढं उभा राहून देईन आणि तिथं घासाघीस करणार नाही. तुमचा जाब तुम्ही इथं द्या. वाक्य सुचत नसेल तर तुमचा सिनेमा लावा आणि जिनिंगच्या आवारातलं ते चित्र थांबवा. मी कितीदा थांबवून बघितलंय. तुमची नटी मधोमध उभी आहे, हात पसरलेत, भोवती एकतीस शेळ्या. एकतिसावीच्या गळ्यात दोरी आहे, नीट बघितलं की दिसते. राहिलेल्या तीस नटीकडं बघत नाहीत. बांडी नाही, मैना नाही, तलाठीणसुद्धा नाही. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्यात, चौकटीच्या बाहेर, जिथं ते पिंप होतं.

सांगा, पिंपावर कोण उभं होतं?